भाडं अठराशे, भुर्दंड अठरा हजार

समजा, पुण्याचं एक कुटुंब तीन दिवसांसाठी गोव्याला गेलं. मोपाच्या विमानतळावर दिवसाला १,८०० रुपये दराने सेल्फ ड्राइव्ह गाडी घेतली आणि ५,००० रुपये डिपॉझिट भरलं. परत देताना गाडीवाल्याने मोबाइलच्या उजेडात गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यातला वीतभर ओरखडा दाखवला. हिशेब झाला १८,००० रुपयांचा: नवा बंपर ८,०००, रंगकाम ४,०००, गाडी गॅरेजात उभी राहणार म्हणून तीन दिवसांचं भाडं ५,४०० आणि 'प्रोसेसिंग'चे ६००. विमानाला दोन तास उरलेले.

कुटुंब म्हणतं, हा ओरखडा आधीचाच. गाडीवाला म्हणतो, मी दिली तेव्हा नव्हता. दोघंही खरं बोलत असू शकतात, कारण रात्री अकरा वाजता ताब्यात घेतलेल्या गाडीचा मागचा कोपरा कुणीच नीट पाहिलेला नसतो. मग आवाज चढतो, आणि चढण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: दोन वेगळे प्रश्न एकाच दमात विचारले जातात. नुकसानीची जबाबदारी कुणाची, हा पहिला. जबाबदारी ठरली तरी रक्कम किती, हा दुसरा. पहिल्यात तुम्ही हरलात तरी दुसऱ्यात हरायलाच हवं असं नाही.

या दोन प्रश्नांच्या आधी दराकडे पाहू, कारण भांडणाचं बी तिथेच पडलेलं असतं.

ॲपवर गाड्यांची यादी दिसते ती दिवसाच्या भाड्याच्या क्रमाने. ग्राहक तोच एक आकडा पाहतो, म्हणून स्पर्धा त्याच आकड्यावर होते आणि तो आकडा शक्य तेवढा खाली ठेवला जातो. बाकीची वसुली दुसऱ्या वाटांनी होते: ठरलेल्या किलोमीटरच्या वर प्रत्येक किलोमीटरला जादा पैसे, गाडी विमानतळावर आणून देण्याचे वेगळे, उशिराच्या प्रत्येक तासाचे वेगळे, वाळू साफ करण्याचे वेगळे. सगळ्यात मोठी गोष्ट मात्र बिलात दिसतच नाही. ती म्हणजे धोका. गाडी ठोकली, कुणी ओरबाडली, टायर फाटला, तर तो खर्च भाड्यात धरलेला नसतो. तो करारातल्या एखाद्या कलमाने तुमच्याकडे सरकवलेला असतो. दर जितका डोळ्यांत भरण्याइतका कमी, तितकं ते कलम जड असण्याची शक्यता जास्त.

मालकाची बाजूही समजून घ्यायला हवी. गाडीचा हप्ता दर महिन्याला जातो, धंदा मात्र हंगामी. पावसाळ्यात गाड्या दाराशी उभ्या असतात. नाताळच्या आठवड्यात गाडी गॅरेजात गेली तर बुडणारं भाडं ही काही काल्पनिक तक्रार नव्हे. शिवाय भाड्याच्या गाडीला लोक कसे वागवतात, हे गोव्यातल्या कुठल्याही मेकॅनिकला विचारा. चढावर हाफ क्लचवर ताटकळत ठेवून क्लच प्लेट जाळून आणलेल्या गाड्या त्याने पाहिलेल्या असतात. मोरजीच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेल्या पर्यटकांच्या गाड्यांच्या बातम्या तर दर हंगामात येतात. किनाऱ्यावर गाडी नेण्याला गोव्यात बंदी आहे. खाऱ्या पाण्याने गाडीचं जे होतं ते वेगळंच.

घोडा, बग्गी आणि १८७२ चा कायदा

भाड्याच्या गाडीत जबाबदारी कुणाची, याचं आपल्याकडचं मूळ उत्तर मोटारीच्याही आधीचं आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. दुसऱ्याची वस्तू ठरावीक कामासाठी ताब्यात घ्यायची आणि काम झाल्यावर परत द्यायची, अशा व्यवहाराचे नियम त्यात कलम १४८ पासून आहेत. भाड्याची गाडी त्यात नेमकी बसते.

कलम १५१ म्हणतं, सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी तुम्ही घ्यायला हवी. त्याहून जास्त नाही. कलम १५२ पुढे सांगतं की एवढी काळजी घेऊनही वस्तूचं नुकसान झालं, तर तुम्ही जबाबदार नाही. म्हणजे हॉटेलच्या पार्किंगमध्ये नीट लावलेल्या गाडीवर माड कोसळला, तर मूळ नियमाने तो तोटा मालकाचा. मात्र याच कलमात एक छोटी फट आहे: 'वेगळा करार नसेल तर'. कंपन्यांचे आणि ॲपचे करार याच फटीतून आत शिरतात. 'ताबा असताना झालेल्या कोणत्याही नुकसानीस, कारण काहीही असो, ग्राहक जबाबदार राहील' हे वाक्य तुम्ही चौकोनात टिक मारून मान्य केलंत, की माडाचा भारही तुमच्यावर येऊ शकतो. सगळा करार वाचणं कुणाला जमत नसेल, पण 'कारण काहीही असो' या अर्थाचं वाक्य शोधायला दोन मिनिटं पुरतात.

कलम १५० मालकाला बांधतं, आणि हे कलम फार कमी लोकांना माहीत आहे. भाड्याने दिलेल्या वस्तूत दोष असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचं नुकसान झालं, तर देणारा जबाबदार. दोषाची त्याला कल्पना होती की नव्हती, याने फरक पडत नाही. कायद्यातलं उदाहरणच बग्गीचं आहे. भाड्याने घेतलेली बग्गी धड नव्हती, मालकाला ते ठाऊकही नव्हतं, पण बसणारा जखमी झाला, तर मालकाने भरपाई द्यायची. बग्गीच्या जागी घासून गुळगुळीत झालेल्या टायरची किंवा ब्रेक न लागणारी गाडी ठेवून पाहा. घाटात टायर फुटल्यावर 'टायर ग्राहकाच्या जोखमीवर' हे कलम दाखवलं गेलं, तर तुमचा पहिला प्रश्न असा असावा: टायर किती जुना होता? टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गाडी घेतानाच त्या खुणेचा फोटो काढून ठेवा.

आता ग्राहकाला जड जाणारं कलम १५४. ठरलेल्या अटींबाहेर वस्तू वापरली, तर त्या वापरात झालेल्या नुकसानीला तुम्ही जबाबदार, मग तुम्ही कितीही सांभाळून वागलेले असा. इथली दोन्ही उदाहरणं घोड्यांची आहेत. एकाने स्वतःच्या वापरासाठी घोडा घेतला आणि घरातल्या दुसऱ्याला बसू दिलं. घोडा अपघाताने पडला, तरी भरपाई घेणाऱ्याने द्यायची. दुसऱ्याने कलकत्त्यात बनारसला जायचं म्हणून घोडा भाड्याने घेतला आणि कटकला नेला, तिथेही तेच. गोव्यापुरती म्हणून घेतलेली गाडी गोकर्णला नेणाऱ्यांची, किंवा बुकिंग दादाच्या नावावर आणि स्टिअरिंगवर भाचा अशी सहल करणाऱ्यांची गत याहून वेगळी नाही. 'पण चूक समोरच्याची होती' हे उत्तर मग उपयोगाचं राहत नाही. माझ्या मते ग्राहक सगळ्यात जास्त केसेस इथेच घालवतात, ओरखड्यावर नव्हे.

उशिराचंही तसंच. कलम १६१ प्रमाणे तुमच्या चुकीने गाडी वेळेवर परत गेली नाही, तर त्या क्षणापासून तिला काहीही झालं तरी भार तुमचा. दोन तास उशीर म्हणजे फक्त दोन तासांचं जादा भाडं असा आपला समज असतो.

रक्कम कशी तपासायची

समजा, जबाबदारी मान्य केली. म्हणून १८,००० द्यायचे का?

करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम आधीच लिहिलेली असली, तरी मिळते ती फक्त वाजवी भरपाई, आणि ती लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात हे आणखी स्पष्ट केलं: भरपाई मिळते ती नुकसान झालं म्हणून, मुळात नुकसानच नसेल तर केवळ कलमाच्या जोरावर पैसे ठेवून घेता येत नाहीत. तो वाद जमिनीच्या लिलावातल्या अनामत रकमेचा होता, पण तत्त्व तेच.

आता बिलातली एकेक ओळ घ्या. वीतभर ओरखड्याला बंपर बदलावा लागतो का, की डेंटिंग-पेंटिंगवाला तोच बंपर घासून रंगवतो? बहुतेक वेळा दुसरं, आणि बंपर बदलला नाही तर त्याचे ८,००० मागायचे कशाचे? समजा खरंच फुटला आणि बदलला. गाडी पाच वर्षांची, बंपरही पाच वर्षांचा. विमा कंपनी स्वतः साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापते. म्हणजे जुन्या बंपरची किंमत नव्याएवढी नसते, हे धंद्यातच मान्य आहे. ग्राहकाकडून मात्र नव्याची पूर्ण किंमत मागितली जाते. तीन दिवसांचं बुडीत भाडं द्यायचं तर गाडी खरंच तीन दिवस गॅरेजात होती, याचा कागद हवा. दुसऱ्या दिवशी तीच गाडी त्याच ओरखड्यासह ॲपवर बुकिंगला उपलब्ध दिसली, तर तो स्क्रीनशॉट कुठल्याही वकिलापेक्षा जास्त बोलतो. आणि 'प्रोसेसिंग'? कशाची प्रक्रिया, हे विचारा. उत्तर मिळालं तर मलाही कळवा.

'गाडीला फुल इन्शुरन्स आहे ना, मग माझ्याकडून का घेता?' हा प्रश्न प्रत्येक ग्राहक विचारतो. त्याचं उत्तर असं. क्लेम केला की मालकाला सक्तीची ठरावीक रक्कम स्वतः भरावी लागते, घसारा कापला जातो, नो क्लेम बोनस जातो, सर्व्हेअरची वाट पाहावी लागते. छोट्या कामासाठी हे परवडत नाही, म्हणून तो रोख मागतो. इथवर समजण्यासारखं आहे. न समजण्यासारखं तेव्हा होतं, जेव्हा मोठ्या नुकसानीत विमा कंपनीकडूनही पैसे घेतले जातात आणि ग्राहकाकडूनही पूर्ण. तुम्ही मोठी रक्कम देत असाल, तर 'या नुकसानीपोटी विम्याचा दावा केलेला नाही आणि करणार नाही' असं लिहून मागा. केला असेल तर विम्यातून न मिळालेला भाग तेवढा तुमच्या वाट्याचा.

बुकिंग करताना दिवसाला दोन-चारशे रुपये जादा देऊन जो 'प्रोटेक्शन प्लॅन' घेतला जातो, तो बहुधा विमा नसतो. तुमच्याकडून वसूल करायच्या रकमेला घातलेली ती मर्यादा असते. टायर, काच, गाडीचा खालचा भाग, आतली सीट आणि हरवलेली चावी हे पुष्कळदा त्यातून वगळलेलं असतं. कोकणातल्या रस्त्यांवर खालचा भाग वगळलेला प्लॅन किती कामाचा, हे ज्याचं त्याने ठरवावं. हा प्लॅन तुम्ही न मागता बिलात आपोआप टाकलेला असेल, किंवा एक दर दाखवून शेवटच्या पानावर दुसराच निघाला, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या डिझाइनचे जे १३ प्रकार बंद करायला सांगितले, त्यांत या दोन्ही गोष्टी येतात.

पाटीचा रंग

दर इतका कमी कसा, याचं एक उत्तर नंबरप्लेटवर लिहिलेलं असतं. खासगी गाडीची पाटी पांढरी, अक्षरं काळी. टॅक्सीची पिवळी, अक्षरं काळी. स्वतः चालवायला भाड्याने द्यायच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. काळी पाटी म्हणजे गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ७५ खालच्या १९८९ च्या योजनेतली, परवान्याची, त्या वापराचा विमा असलेली. मूळ योजनेत परवाना मिळायला किमान ५० गाड्यांची अट आहे, त्यामुळे एक-दोन गाड्यांचा मालक एकट्याने तो काढू शकत नाही. याचा तुमच्यावर होणारा परिणाम असा की चावी देणारा, आरसीवर नाव असणारा, परवाना असणारा आणि ॲप चालवणारा हे चार वेगवेगळे लोक असू शकतात. भांडण झालं की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पावती कुणाच्या नावाची आहे, ते म्हणून आधीच बघा.

पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते, कारण तिचा मालक परवाना, जादा कर, व्यावसायिक विमा यातलं काहीच भरत नाही. खासगी पॉलिसीत गाडी भाड्याने देण्याचा वापर स्पष्टपणे वगळलेला असतो. तुम्ही ती ठोकलीत आणि भाड्याची बाब बाहेर आली, तर गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. मग लाखाचं काम कुणाच्या गळ्यात? 'पोलिसांनी विचारलं तर मित्राची गाडी सांगा' असं मालकाने चावी देतानाच पढवलं असेल, तर ती गाडी घेऊच नका. खोटं बोलण्याची पाळी तुमच्यावर, आणि नंतर व्यवहार सिद्ध करण्याची पाळीही तुमच्यावरच.

चलानाचं थोडक्यात. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर आता कॅमेऱ्यांनी चलान फाटतं आणि संदेश जातो तो आरसीवरच्या मोबाइलवर. त्यासाठी नियमात काही दिवसांची मुदत आहे, त्यामुळे डिपॉझिटचा काही भाग तेवढे दिवस राखून ठेवणं मला गैर वाटत नाही. चलानावरची तारीख आणि वेळ तुमच्या बुकिंगमध्ये बसते का, एवढं पाहा. फास्टॅगच्या हिशेबातही तेच.

पुरावा

इथे कायद्याची एक गोष्ट ग्राहकाच्या विरुद्ध जाते. वस्तू ताब्यात असताना बिघडली, तर आपण काळजी घेतली होती हे दाखवण्याचं ओझं ताबा असणाऱ्यावर असतं, कारण तेव्हा काय झालं हे त्यालाच माहीत. म्हणून घेतानाचा व्हिडिओ हा उपचार म्हणून काढायचा नसतो. गाडीभोवती सावकाश, न थांबवता एक फेरी. छत, चारही रिम, बंपरचे खालचे कोपरे, पुढची काच, स्टेपनी, जॅक, किलोमीटरचा आकडा, इंधनाचा काटा. रात्र असेल तर पेट्रोल पंपाच्या उजेडात. तो लगेच गाडीवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे वेळेची नोंद दोघांकडे राहते. परत देतानाही हेच, आणि वर 'गाडी ठीक मिळाली' एवढा एक संदेश त्याच्याकडून मागा. चावी रिसेप्शनवर ठेवून निघून जाणं सोयीचं असतं, पण त्यानंतर सापडलेला प्रत्येक ओरखडा तुमचा ठरतो. हा व्हिडिओ पुढे ग्राहक आयोगासमोर ठेवायची वेळ आली, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं; मूळ फाइल पुसू नका, फोन बदलला तरी जपा.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथे हर्ट्झ या गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीने २०२५ मध्ये काही विमानतळांवर गाड्या तपासायला एआय स्कॅनर बसवायला सुरुवात केली. अटलांटा विमानतळावर रिमवरच्या इंचभर ओरखड्यासाठी एका ग्राहकाला ४४० डॉलरचं बिल आल्याची बातमी गाजली: दुरुस्ती २५०, प्रक्रिया शुल्क १२५, प्रशासकीय शुल्क ६५. यंत्राला ओरखडा दिसला असेल, त्यावर वाद नाही. १९० डॉलरची कागदपत्रं कुठली, हा प्रश्न मोपाला आणि अटलांटाला सारखाच लागू पडतो.

कुठे जायचं

विमान सुटण्याच्या घाईत पैसे द्यावेच लागले, तर ऑनलाइन द्या आणि त्याच वेळी संदेश पाठवा: 'रक्कम मान्य नाही, आक्षेप ठेवून देत आहे.' मूळ आधार किंवा लायसन्स तारण म्हणून कधीही ठेवू नका. ते समोरच्याच्या खिशात असलं की घासाघीस संपलीच. बुकिंग ॲपवरून असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. आम्ही फक्त मधले, असं म्हटलं तरी ही जबाबदारी टळत नाही.

त्याने भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण दहा-बारा हजारांसाठी लेखी उत्तर देत बसणं कंपनीलाही नको असतं. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक फार मोठी सोय केली आहे: तक्रारदार जिथे राहतो, त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. गोव्यातल्या गाडीची तक्रार पुण्यात किंवा नाशकात चालते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षं. अवाजवी डिपॉझिट आणि नुकसानीच्या मानाने भरमसाट दंड यांना याच कायद्याच्या कलम २(४६) मध्ये 'अनुचित करार' म्हटलं आहे. पण मुळात कलमच अनुचित म्हणून रद्द करून हवं असेल तर राज्य आयोगाकडे जावं लागतं. पंधरा हजारांच्या वादात सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढंच म्हणून जिल्हा आयोगात राहणं बरं.

एक अडचण मात्र राहते. गाडी व्यापारी कारणासाठी घेतली असेल, म्हणजे कंपनीच्या नावाने, कंपनीच्या कामाला आणि कंपनीच्या पैशाने, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला हे ग्राहकच नाहीत असा मुद्दा काढणार. तशा प्रवासात बुकिंग कुणाच्या नावाने करायचं आणि नुकसानीचं बिल कोण भरणार, हे आपल्या ऑफिसकडून निघण्याआधी मेलवर लिहून घ्या.